भिंग निवेपर्यंत

मुलांनो, अशी कल्पना करा, की पाण्यासारखी पातळ काच आहे. बाटलीतून साच्यात ओतता येते. ओतली की सावकाश आळते, मग मंद आचेवर शेकली की टणक होते. या काचेचा अर्धा जीव वाळूचा, अर्धा प्लास्टिकचा. तापली की दोघं फुगतात, निवली की आक्रसतात, पण सारखे नाहीत. प्लास्टिक फार, वाळू जेमतेम. हळूहळू निवू दिलं तर दोघं एकमेकांना सांभाळून घेतात. एकदम गार हवा लागली की ओढाताण सुरू, आणि टक्!

अशाच काचेचं बटणाएवढं भिंग त्या दुपारी प्रयोगशाळेत, जमिनीवर ठेवलेल्या कपाटाएवढ्या ओव्हनमध्ये निवत होतं. समोर खारूची आई उभी होती. तिच्या टेबलावर ताटलीत आधीच्या भिंगांचे तुकडे पडले होते. दर वेळी दार तिनेच उघडलं होतं. जरा बघू तरी, म्हणून.

शाळेला सुट्टी, घरी कोणी नाही, म्हणून खारू सकाळपासून इथेच स्टुलावर बसून पाय हलवत होती. वाळूचं आणि प्लास्टिकचं भांडण तिला तोंडपाठ होतं. आईला जेवतानाही दुसरा विषय नसायचा.

तेवढ्यात साहेब आले. या कामाला पैसे देणारे, उद्या येणारे पाहुणे आजच येऊन ठेपले होते. तयार भिंग दिसलं तर काम पुढे चालणार होतं; नाही दिसलं तर ओव्हन शेजारच्या खोलीत जाणार आणि आईचं टेबलही रिकामं होणार. हे सगळं साहेबांनी घड्याळाकडे बघतच सांगितलं. आईने रात्रीपर्यंत तरी थांबा म्हणून विनवलं. पाहुण्यांची परतीची गाडी संध्याकाळची होती.

"बाई, काच आहे की अंडं?" साहेब म्हणाले. "किती उबवायचं?"

आईने ओव्हनवरच्या तापमापकाकडे पाहिलं. काटा अजून बराच वर होता. बाटलीत थेंबही उरला नव्हता, म्हणजे हे भिंग शेवटचंच. दार उघडलं तर ते जाणार, नाही उघडलं तर सगळंच. एखादं वाचतही असेल, तिच्या मनात आलं. प्रत्येक भिंग थोडंच तडकतं? तिने घामेजलेले हात एप्रनला पुसले आणि दाराची मूठ धरली.

"आई, ते गरम आहे अजून," खारू म्हणाली.

"माहितीये."

"मग तडकेल ना."

"माहितीये गं." आईचा आवाज चिरकला. "तू मधे बोलू नकोस."

जिन्यात पाहुण्यांची पावलं वाजू लागली. साहेबांनी टाय सारखा केला.

खारू स्टुलावरून उतरली. आईच्या हाताखालून मधे शिरली आणि ओव्हनच्या दाराला पाठ टेकवून, पाय पसरून खाली बसली. मग तिने शेजारची फरशी तळहाताने पुसली, मान वर केली आणि साहेबांना म्हणाली, "तुम्हीपण बसा. त्याला वेळ आहे अजून."