वेगळा काढलेला बेडूक

काचेच्या पेटीत नातीचे तीन पाणबेडूक होते. त्यातला एक फुगून वर तरंगू लागला, मांड्या लाल झाल्या, आणि अळ्यांकडे तो ढुंकूनही बघेना. आजोबांनी नातीला आधी हात धुवायला लावले. "आजारी असतो त्याला वेगळं काढायचं, म्हणजे बाकीच्यांना लागण होत नाही." नळाचं ताजं पाणी बेडकाला सोसत नाही, म्हणून त्यांनी विकतच्या बाटलीतलं पाणी टबात ओतलं, चिमूटभर मीठ विरघळवलं आणि त्या आजारी पाहुण्याला त्यात सोडलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणा अळ्यांवर तुटून पडला होता. पेटीतले धडधाकट दोघे मात्र फुगून तरंगत होते.

"काढायला उशीर केलात, आजोबा," नात रडवेली झाली. "लागण झालीच त्यांना."

आजोबा एकदा टबाकडे, एकदा पेटीकडे बघत राहिले. "पेटीत पाणी कुठलं भरलंस गं?"

"आपल्याच नळाचं. रात्रभर उघडं ठेवून, तुम्ही शिकवलंत तसंच."

आजोबा तडक स्वयंपाकघरात गेले. सून नळाच्या पाण्यात बाळाच्या दुधाची पावडर कालवत होती.

"बरं झालं आलात, बाबा," ती म्हणाली. "हा सकाळपासून बाटली तोंडात घेत नाहीये. आणि पोट बघा ना, कसं टम्म फुगलंय."