चहाचे चमचे

ठमीच्या बाबानं आजही चहातली साखर काट्यानंच ढवळली.

"या घरात चमच्यांना पाय फुटतात," तो म्हणाला. "थंडीच्या आधी चांगला डझनभर होता. आता पाहुणे आले तर काय, बोटानं ढवळा म्हणायचं?"

ठमीच्या आईचं लक्ष स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी बसलेल्या लेकीकडे होतं. ठमी तिसरं वर्ष संपवत आली होती आणि अजून एक शब्द बोलत नव्हती. आज पुन्हा डॉक्टरांकडे जायचं होतं.

मागच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं होतं, "कुणाचं बघून काही करते का? सांगितलेलं ध्यानात ठेवते?"

लेकीची शिंकसुद्धा या आईच्या नजरेतून सुटत नसे. तरी तिला म्हणावं लागलं होतं, "नाही. तसं काहीच नाही." एक गोष्ट मात्र तिनं पोटात ठेवली होती. थंडी सुरू झाल्यापासून ठमी या बंद दाराला चिकटून बसायची. कुणी कडीला हात लावला, की कपडे धरून मागं ओढायची, डोळे मोठे करायची आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवायची. तिच्या आकांतापायी ते दार कुणी उघडेनासंच झालं होतं. आज हेही सांगायचं, असं आईनं ठरवलं होतं.

पुढच्या अंगणात आजोबांचं वेगळंच रामायण चाललं होतं. त्यांचा पिवळ्या फुलांचा वाफा फुलला होता, पण दात पडलेल्या पोराच्या बोळक्यासारखा. एक फूल, एक फट. पुन्हा एक फूल, पुन्हा फट.

"दोरी धरून लावलेत मी कंद!" ते फाटकातून जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकवत होते. "त्या नर्सरीवाल्यानं निम्मे कुजके गळ्यात मारले."

"ठमे, चल, बूट घालू," बाबानं हाक मारली आणि तिला उचलून बाहेरच्या खोलीत नेलं. आईनं भाजीच्या सालींची पिशवी उचलली. दाराशी कुणी नाही असं बघून तिनं मागची कडी काढली.

पिशवी तिच्या हातातच राहिली.

भिंतीच्या कडेनं, सांडपाण्याच्या पाइपापासून थेट कुंपणापर्यंत, पिवळी फुलं उभी होती. रांगेत. कोवळं ऊन त्यांच्या आरपार जात होतं, आणि ती मळकी भिंत त्या उजेडानं पिवळी झाली होती. फूल म्हणजे पाकळ्यांची बशी आणि मधोमध ठेवलेला कप. आणि प्रत्येक कपबशीच्या शेजारी, दांडा मातीत आणि तोंड आभाळाकडे, एकेक चहाचा चमचा.

"बाबा," तिनं सासऱ्यांना हाक मारली.

आजोबा खुरपं घेऊनच वळसा घालून आले. बघितलं आणि पायरीवर बसले.

"कंद कुठं पुरला ते कळावं म्हणून मी शेजारी काडी खोचतो," ते म्हणाले. "हिला काड्या सापडल्या नसतील."

"पण हे कंद..."

"माझेच गं. एक सोडून एक उचललाय. माझ्या मागं मागं येत होती. मला वाटलं, मातीत खेळतेय पोर." ते पुढं वाकले आणि एका फुलाच्या बुडाशी माती चाचपू लागले. "माझ्याइतकेच खोल. दोन कंदांत माझ्याइतकंच अंतर. आणि मी त्या बिचाऱ्या नर्सरीवाल्याच्या सात पिढ्या काढल्या."

"तिला शिकवलं कुणी?"

"कुणी नाही. मी तर फक्त..." आजोबा थांबले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "शेवटी माती थोपटली ना, तेव्हा एवढंच म्हटलं होतं, की बघ, आता हे झोपलेत. उठेपर्यंत कुणी आवाज करायचा नाही." आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

धाडकन लावलेली दारं आईला आठवली, आदळलेली भांडी, फोनवरची भांडणं. थंडीभर एक एवढीशी पोर अख्ख्या घराला गप्प करायला बघत होती, आणि घर तिच्याच गप्पपणाची काळजी करत बसलं होतं.

तेवढ्यात एका पायात बूट आणि दुसरा हातात घेऊन ठमी धावत आली. उघडं दार बघून थबकली. मग बाहेरची फुलं दिसली. ती ओरडली नाही, हसलीही नाही. एकेका फुलापुढं थांबत, शाळेतल्या बाई हजेरी घेतात तशी ती रांगेच्या टोकापर्यंत गेली. शेवटच्या चमच्याजवळ फूल नव्हतं. नुसती माती होती. तिथं ती उकिडवी बसली आणि मातीवर अलगद हात ठेवला.

"अगं, कुठं आहात सगळे?" नवरा गाडीची किल्ली वाजवत, मोठमोठ्यानं बोलत स्वयंपाकघरातून आला. "चला! डॉक्टर काय आपल्यासाठी..."

आईनं वळून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ती म्हणाली. "एक जण अजून उठायचाय."