कुजका पत्रा

रूने गाडीखालून बाहेर आला आणि खोटं बोलला.

"कुजलीय. खालचा पत्रा सगळा गेलाय. सरकारी तपासणीत पहिल्या फटक्यात नापास होणार."

स्वीडनमधल्या रेटविक गावात जुनी अमेरिकन गाडी घ्यायची तर आधी रूनेला दाखवतात. येस्पर आणि मोआ या तरुण जोडीनेही तेच केलं होतं. पण ही इंपाला सिक्स्टनची. बर्फ वितळला की दरवर्षी तो आणि रूने, दोघं दोस्त, तिच्या पोटाला तेल चोळायचे. खाली गंजाचा ठिपका नव्हता. ओठात तंबाखू दाबून येस्पर सीटवर धपकन बसला, तेव्हाच रूनेचं डोकं फिरलं. ह्याला गाडी मिळू द्यायची नाही.

सिक्स्टन गॅरेजच्या दारात, चाकाच्या खुर्चीत. पक्षाघाताचा झटका आल्यापासून वाचा गेलेली. नुसते डोळे चालू.

येस्परने मोआकडे बघितलं. दोघं एकदम हसली.

"मग बिअरगाडीच करू!" मोआ म्हणाली. "छप्पर कापायचं, मागे सोफा टाकायचा. उन्हाळाभर धिंगाणा, मग भंगारात."

"चांगली असती ना, तर लग्नासाठी जपून ठेवणार होतो," येस्पर म्हणाला. "कुणाला हात लावू दिला नसता. बरं झालं काका, खरं सांगितलंत."

रूने परत गाडीखाली वाकला. "थांब रे. परत एकदा बघतो. खाली अंधार होता."

"आता कशाला गोड बोलताय? गुनवरकाकूंना वाईट वाटू नये म्हणून?"

सिक्स्टनची बायको गुनवर किल्ली घेऊन आली. "न्या पोरांनो. आम्ही फ्लॅटमध्ये चाललोय, तिथे गॅरेज नाही."

"वहिनी, गाडी चांगलीय. एकदम चांगली."

"असू दे, रूने." दुखवट्याला आल्यासारखं तिने त्याचा खांदा थोपटला आणि किल्ली मोआच्या हातात दिली.

येस्पर बॉनेटवरून थेट छपरावर चढला. दोनदा दाणकन उडी मारली. पत्रा केसभरसुद्धा दबला नाही.

सिक्स्टनने वर बघितलंच नाही. तो रूनेकडे बघत होता.

"काका, हे तर भलतंच दणकट आहे की!" येस्पर वरून ओरडला. "कापायला वेळ लागणार. करवत आहे का तुमच्याकडे?"