उन्नतीचे स्टार

उन्नतीच्या फोनवर बुकिंग आलं, तेही पुन्हा भिलाईच्या सेक्टर सहामधल्या शकुबाईंचंच. तिनं स्कूटी काढली.

ॲपवरून बोलावणं आलं की घरी जाऊन केस धुणं, फेशियल, मालिश करणं हे तिचं काम. दिवाळीपर्यंत तिला सुपेल्याच्या बाजारात उभ्या उभ्या जेवावं लागायचं, बायांचा आठ-आठ दिवस नंबर लागायचा नाही, इतकी मागणी होती. मग गिऱ्हाइकांनी दिलेले स्टार घसरू लागले. कोण एकच स्टार देतं ते ॲप सांगत नव्हतं. तक्रार केली, तर ‘सेवा सुधारा’ एवढंच उत्तर आलं. तिनं चांगलं तेल आणलं, नवे टॉवेल घेतले, खेकसणाऱ्या बायांशीही गोड बोलली. पण यादीत खाली गेलेलं नाव लोकांना दिसतच नाही. बुकिंगं आटत गेली आणि स्वतःच्या पार्लरचं बोलणं तिनं घरात बंद केलं.

शकुबाईंनी तेवढं तिला धरून ठेवलं. त्यांचा नवरा स्टील प्लांटमधून रिटायर झाला आणि वर्षाच्या आत गेला. मुलगा अभिनव पुण्याला. त्यांचे हात संधिवातानं वर जात नव्हते. मुलानं फोन शिकवला होता, त्यामुळे आठवड्यातून दोनदा त्या स्वतःच बुकिंग करायच्या. कधी केस, कधी पायांना मालिश. काम झालं की जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. स्टारचा विषय निघाला की उन्नतीच्या ताटात आणखी एक पोळी वाढायच्या. आपलं दुःख कळणारं हे एकच घर आहे, असं तिला वाटायचं.

म्हणूनच आज सांगणं तिला जड गेलं. केस विंचरता विंचरता ती म्हणाली, की रायपूरच्या एका पार्लरमध्ये नोकरी मिळाली आहे, सोमवारपासून जायचं आहे. आता ॲप बंद.

शकुबाईंनी कंगव्याखालून डोकं पुढे घेतलं.

“कावून चालली? मी बोलावून राहिली ना तुले.”

“एका घरावर कसं भागंल, काकू? कोणी तरी मले दरवेळी एकच स्टार देते. माहं काय चुकलं, तेच समजत नाही.”

“तुहं काही नाही चुकलं, पोरी.” शकुबाईंनी मागे न बघताच तिचा हात घट्ट धरला. “जाऊ नको. आजपासून पाच देईन मी. पण मंग दिवाळीच्या आधी नव्हता लागत, तसा माहा नंबरच नाही लागायचा.”