दम नि जोर

"पालखी नाचवायची तर छातीत दम नि मांडीत जोर लागतो, सूनबाय. बायकांचं काम नाय ते." गेल्या शिमग्यात गावकर तात्या एवढंच बोलले. रसिकाने ते शब्द पदराला गाठ मारून ठेवले.

मग एक दिवस ती पहाटेची घाटी चढत धावे आणि दुसऱ्या दिवशी पडवीत खांद्यावर जांभ्याचा चिरा घेऊन बैठका मारी. "धाकटीला वेड लागलं गो!" म्हणत वाडी हसायची. हसू कानी पडेस्तोवर ती पुढच्या वळणापार गेलेली असायची.

यंदा पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर आली, तशी रसिका दांडीपाशी जाऊन उभी राहिली. तात्यांनी तिचे खांदे पाहिले आणि नजर वळवली.

"ताकदीचं नाय गो. आपल्यात रीत नाय."

"म्हणजे दम नि जोर, सगळी थापच होती?"

तात्यांनी हात करून ढोल थांबवला.

रसिकाने पदर खोचून पुढच्या दांडीला खांदा दिला. मागची दांडी उचलली थोरल्या जाऊबाईंनी, वर्षभर परसात गुपचूप चिरे उचलणाऱ्या. पालखी उठली, डोलली, निघाली.

"अरे, अडवा कुणीतरी!" तात्या ओरडले.

"तुम्हीच या की, तात्या," रसिका हसली, "पण आधी धावत गाठा!"