फ्रेमबाहेर तात्यासो

फ्रेममध्ये: दोन हात. ज्योत. चांदीच्या कड्या.

फ्रेमबाहेर: बाकी सगळं घर.

"काकू, हात थोडे खाली. हां. आता हलू नका," आदिती म्हणाली आणि मोबाइल स्टँडवर घट्ट बसवला.

हुपरीतल्या त्या घराचा सोपा, म्हणजे पुढची पडवी, हाच कारखाना होता. राजमतीकाकू पैंजणाच्या कड्या ज्योतीवर धरून एकमेकींत जोडत होत्या. मागं भिंतीला टेकून त्यांचे यजमान तात्यासो घुंगरं निवडत बसले होते आणि मधूनमधून खोकत होते. आदिती कोल्हापूरची. छोट्या धंदेवाल्यांची पानं इन्स्टाग्रामवर चालवायची, त्यांचे ब्लॉग लिहायची. मिसळवाले, चपलांचे दुकानदार, आणि आता हे घर.

पहिल्या रीललाही तिनं हातच दाखवले होते. "तात्या, तेवढं जरा बाजूला बसता?" म्हणाली होती, आणि तात्यासो सरकले होते. खोकला तरी आलाच. मग तिनं आवाज काढून टाकला आणि वर गाणं चढवलं.

फ्रेममध्ये: हात उघडे. एकही बांगडी नाही.

फ्रेमबाहेर: भिंतीत खिळा, खिळ्याला हिरव्या बांगड्या. काच ज्योतीजवळ तापते, म्हणून कामाला बसताना काकू त्या काढून ठेवायच्या. उठल्या की आधी बांगड्या, मग पाण्याचा तांब्या. हुपरीत कुणाला यात काही दिसलं नसतं. लांबच्यांना दिसलं.

कॉमेंट: काका गेल्यावरही हे हात थांबले नाहीत. सलाम, माउली!

'काका आहेत.' आदितीनं लिहिलं होतं. पाठवायच्या आधी पुसलं. त्याऐवजी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि ती कॉमेंट सगळ्यांत वर बसवली. पुढच्या आठवड्यात ब्लॉग लिहिला, 'एकटीचे पैंजण'. त्यात खोटं वाक्य एकही नव्हतं. नवरा वारला असं कुठं लिहिलं नव्हतं. नवरा आहे असंही नव्हतं.

ऑर्डरी आवरेनात.

बाहेर गाडी थांबली. पुण्याचा नंबर. ब्लॉग वाचून कुणीतरी थेट घरी आलं होतं. आता सगळं उघडं पडणार. या दोघांना बिचाऱ्यांना कुठं काय माहीत! मोबाइल वाजला तर उचलायचा, एवढंच त्यांना ठाऊक.

पण तात्यासो आधीच उठले होते. घुंगरांचं ताट त्यांनी बाजूला सारलं. उंबऱ्याजवळच्या आपल्या चपला उचलल्या. खिळ्यावरच्या बांगड्या काढून घेतल्या.

"तात्या, कुठं निघालात?"

"आतच हाय की. तुझं चालू दे."

आतल्या खोलीचा पडदा हलला. काकूंनी पदर कपाळावरून इतका खाली ओढला, की कुंकू दिसेना.

"गाडी थांबली की ह्येंचं ह्येंनाच कळतंय आता," त्या म्हणाल्या.

"काकू... तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सुनेनं वाचून दाखिवलं सगळं. चांगलं लिवतीस की."

काकू टोमणा मारत नव्हत्या. मारला असता तर बरं झालं असतं.

"मी काढून टाकते. आत्ता काढते."

"आनि? गल्लीतल्या चार घरास्नी काम लागलंय त्यावर. त्येंना काय सांगू? गप ऱ्हा."

पाहुणीबाई आत आल्या त्या थेट काकूंच्या पाया पडल्या. "तुमच्याविषयी वाचून रडले हो मी. एकटीनं एवढं सगळं!"

"चाललंय की," काकू म्हणाल्या. मान वर केली नाही.

"आणि लिहिणाऱ्या तुम्हीच ना?" बाई आदितीकडं वळल्या. "किती खरं लिहिता!"

आदितीनं हसायचा प्रयत्न केला.

तेवढ्यात पडद्याआड कुणीतरी खोकला दाबला. तो दाबला गेला, पण अंग हललं असावं. काचेच्या बांगड्या किणकिणल्या.

"आत कोण आहे?"

काकूंनी आदितीकडं पाहिलं. रागानं नव्हे. हात कुठं धरू असं विचारताना बघायच्या, तसंच.

काका आहेत. एवढंच म्हणायचं होतं. एकदा लिहून पुसलेलंच होतं ते, जिभेवर तयार होतं. आदितीनं तोंड उघडलं. मग तिला डोळ्यांसमोर ती सगळ्यांत वरची कॉमेंट दिसली. खालचे हजारो बदाम दिसले. तोंड तसंच उघडं राहिलं.

पडद्याआडून आवाज आला. "कोन न्हाय, ताई. पावणा हाय मी. निघालोच."

मागचं दार वाजलं.

"असं होय," म्हणत बाई काचेच्या कपाटाकडं गेल्या. एक पैंजण उचलून कानाशी हलवून बघू लागल्या.

फ्रेममध्ये: दोन हात. थांबलेले.

मोबाइल चालूच होता.

काकूंनी एकदा मोबाइलकडं पाहिलं, एकदा मागच्या दाराकडं. मग आदितीकडं जरा झुकल्या.

"मागल्या खेपंसारखा ह्येंचा आवाज तेवढा काढून टाकशील न्हवं, पोरी?"

आदितीनं मान डोलावली.