अठ्ठावन्नचं शिखर

१९८२ साली पुण्याच्या प्रयोगशाळेत आम्ही अ‍ॅसिटिलीन वायूच्या प्लाझ्मात काजळीचे कण कसे जन्मतात, ते शोधत होतो. रेणूंचा भार मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखावर अठ्ठावन्न रेणुभाराला उंच शिखर यायचं. कणांचं बीज तेच, असा माझ्याबरोबर पीएचडी करणाऱ्या दामल्यांचा प्रबंध होता आणि सोमवारी तो द्यायचा होता.

"दामले, सिलिंडरमध्ये अ‍ॅसिटिलीन अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून भरतात ना?" मी विचारलं. "अ‍ॅसिटोनचा रेणुभारही अठ्ठावन्नच."

"अगं, टायपिंगसुद्धा झालंय," आमचे मार्गदर्शक केळुसकर सर तुटकपणे म्हणाले.

"प्लाझ्मा बंद करू. शिखर त्यातलं असेल तर खाली येईल," म्हणत दामल्यांनी स्वतःच बटण दाबलं. जांभळा उजेड विझला. आलेख काढणारं पेन सरकत अठ्ठावन्नवर आलं आणि पूर्वीइतकंच उंच चढलं.

सर बाहेर गेले. "आता चहा तरी पाजा," दामले म्हणाले.

सर पुढे निवृत्त होऊन वेंगुर्ल्याला गेले. दामल्यांनी अ‍ॅसिटोन आधीच गोठवून बाजूला काढलं, सगळं पुन्हा मोजलं आणि माझ्यानंतर दोन वर्षांनी डॉक्टर झाले. तोवर आमचं लग्न झालं होतं. दारावरच्या पाटीत कुणाचं नाव वर, हा वाद अजून मिटलेला नाही.